उष्माधारकता : समजून घेण्याची आणि वापरण्याची पद्धत

एखाद्या पदार्थाची उष्माधारकता, म्हणजे त्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता, विचारली की नवखा विद्यार्थी तक्ता उघडतो, पदार्थापुढचा आकडा उचलतो, वस्तुमान आणि तापमानातील फरक यांनी त्याला गुणतो आणि उत्तर लिहून मोकळा होतो. पाणी, तांबे, लोखंड यांच्या बाबतीत हे बहुधा निभावून जाते. पण तोच विद्यार्थी वायूकडे वळला की त्याला एकाच वायूपुढे दोन वेगवेगळे आकडे दिसतात, उकळत्या पाण्याला उष्णता देऊनही तापमान हलत नाही, आणि संपृक्त, म्हणजे थोडी थंड होताच पाणी होऊ लागेल अशा, वाफेच्या एका प्रक्रियेत तर उष्माधारकता चक्क ऋण निघते. या सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे. उष्माधारकता केवळ पदार्थावरून ठरत नाही. तो पदार्थ कोणत्या अटीखाली तापवला, यावरही ती अवलंबून असते. ती अट आधी लिहून मगच आकड्याला हात घालण्याची सवय कशी लावावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : उष्णता, तापमान आणि अंतर्गत ऊर्जा वेगवेगळ्या ओळखणे

तापमान आणि अंतर्गत ऊर्जा या प्रणालीच्या अवस्थेशी बांधलेल्या राशी आहेत. प्रणाली आत्ता कोणत्या अवस्थेत आहे एवढे कळले की त्यांची मूल्ये ठरतात. ती त्या अवस्थेला कोणत्या वाटेने पोहोचली याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. उष्णतेचे तसे नाही. तापमानातील फरकामुळे प्रणालीच्या सीमेतून जी ऊर्जा आत किंवा बाहेर जाते, तिला उष्णता म्हणतात. ती आत गेल्यानंतर ‘प्रणालीत इतकी उष्णता साठली आहे’ असे म्हणण्याला अर्थ राहत नाही, कारण अंतर्गत ऊर्जेतील तेवढीच वाढ नुसते कार्य करूनही घडवता येते. ज्यूल यांनी १८४० च्या दशकात पाण्यात फिरती पाती बसवून आणि ती पडत्या वजनांच्या साहाय्याने फिरवून नेमके हेच दाखवून दिले.

उष्णतेचे प्रमाण आणि तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगो येथे १७६० च्या दशकात स्पष्ट केले. समान वस्तुमानाच्या पाऱ्याला आणि पाण्याला सारखीच उष्णता दिली, तर पाऱ्याचे तापमान कितीतरी अधिक चढते. आजच्या आकड्यांत सांगायचे, तर एक ग्रॅम पाऱ्याचे तापमान एक केल्विनने वाढवण्यास सुमारे ०.१४ ज्यूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम पाण्याला ४.१८ ज्यूल, म्हणजे जवळजवळ तीसपट.

दुसरी पायरी : व्याख्या लिहून माप ठरवणे

प्रणालीला अत्यल्प उष्णता दिली आणि तिचे तापमान अत्यल्प वाढले, तर त्या उष्णतेला तापमानवाढीने भागून जे मिळते ती उष्माधारकता. तिचे एकक ज्यूल प्रति केल्विन असे आहे. तापमानातील फरक केल्विनमध्ये मोजला काय किंवा अंश सेल्सिअसमध्ये मोजला काय, आकडा तोच येतो, कारण दोन्ही मापांतील एका अंशाचे अंतर सारखे आहे. ही मोकळीक फरकापुरतीच आहे. तापमानांचे गुणोत्तर घ्यावे लागेल तेथे ती लागू नाही, आणि त्याकडे आपण शेवटच्या पायरीत येऊच.

ही राशी तीन मापांनी लिहिली जाते. संपूर्ण वस्तूची उष्माधारकता ज्यूल प्रति केल्विनमध्ये, एकक वस्तुमानाची ‘विशिष्ट उष्माधारकता’ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विनमध्ये, आणि एका मोलची ‘मोलर उष्माधारकता’ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विनमध्ये. पाण्यासाठी विशिष्ट मूल्य ४.१८ आणि मोलर मूल्य ७५.३ आहे. तक्त्यातील आकडा उचलण्यापूर्वी स्तंभाच्या माथ्यावरचे एकक वाचावे.

कोणते माप निवडावे हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३८५ आहे, शिशाची ०.१२९, ग्रॅमच्या हिशेबाने पाहिल्यास दोन धातूंत तिप्पट अंतर दिसते. हेच आकडे मोलच्या हिशेबात आणले की तांब्याला २४.५ आणि शिशाला २६.७ मिळतात, म्हणजे दोघे जवळपास एकाच पातळीवर येतात. लोखंड २५.१ आणि ॲल्युमिनियम २४.२ हेही त्यांच्याच रांगेत बसतात. ड्युलाँ आणि पेती यांनी १८१९ मध्ये ओळखलेला हा नियम आहे : सामान्य तापमानाला बहुतेक घन मूलद्रव्यांची मोलर उष्माधारकता वायू स्थिरांकाच्या (८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन) तिप्पट, म्हणजे २५ च्या आसपास असते. हिरा मात्र ६.१ वर अडतो. तो का अडतो याचे उत्तर अभिजात उष्मागतिकीच्या कक्षेत मिळत नाही. पुंज सिद्धान्त आल्यावर ते मिळाले. अभिजात उष्मागतिकी उष्माधारकतांमधील परस्परसंबंध अचूक सांगते, पण मूल्ये तिला प्रयोगाकडूनच घ्यावी लागतात. तिची ही मर्यादा सुरुवातीपासून ध्यानात असली म्हणजे तिच्याकडून भलती अपेक्षा केली जात नाही.

तिसरी पायरी : अट लिहिणे

माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि पाठ्यपुस्तके तिला हवा तेवढा वेळ देत नाहीत. उष्मागतिकीचा पहिला नियम असा आहे : प्रणालीच्या अंतर्गत ऊर्जेतील वाढ म्हणजे तिला दिलेली उष्णता वजा तिने केलेले कार्य. प्रणाली फक्त प्रसरण पावून कार्य करत असेल, तर ते कार्य दाब आणि आकारमानातील बदल यांच्या गुणाकाराइतके असते. यावरून दिसते की दिलेल्या उष्णतेचे दोन वाटे होतात. एक वाटा अंतर्गत ऊर्जेत जमा होतो, दुसरा प्रसरणाचे कार्य करण्यात खर्च होतो. दुसरा वाटा किती, हे ठरल्याशिवाय एका अंशासाठी किती उष्णता लागेल हे सांगता येत नाही.

दोन अटी वारंवार येतात. आकारमान स्थिर ठेवले, तर प्रसरणाचे कार्य शून्य होते आणि सगळी उष्णता अंतर्गत ऊर्जेत जाते. म्हणून स्थिर आकारमानाची उष्माधारकता म्हणजे आकारमान न बदलता तापमानागणिक अंतर्गत ऊर्जा ज्या दराने वाढते तो दर. दाब स्थिर ठेवला, तर प्रसरणाच्या कार्याची भरपाईही उष्णतेतूनच करावी लागते. येथे अंतर्गत ऊर्जेत दाब आणि आकारमान यांचा गुणाकार मिळवून ‘एन्थाल्पी’ ही नवी राशी घेतात, आणि स्थिर दाबाची उष्माधारकता म्हणजे दाब न बदलता तापमानागणिक एन्थाल्पी वाढण्याचा दर ठरतो. वर्गात या दोघींना ‘सीव्ही’ आणि ‘सीपी’ म्हणतात. पुढे आपणही तीच नावे वापरू.

अंतर्गत ऊर्जा आणि एन्थाल्पी या दोन्ही अवस्थेच्या राशी असल्यामुळे, एकदा अट बांधली की सीव्ही आणि सीपी यादेखील अवस्थेच्या राशी होतात. उष्णता स्वतः वाटेवर अवलंबून असूनही तक्त्यात छापण्याजोगा पक्का आकडा मिळतो, तो या कारणामुळे.

चौथी पायरी : आदर्श वायूवर हात बसवणे

अटीचा परिणाम वायूत सर्वांत ठळक दिसतो, म्हणून पहिली आकडेमोड वायूवर करावी. सामान्य तापमानाच्या नायट्रोजनचा एक मोल घेऊन त्याचे तापमान १० केल्विनने वाढवायचे आहे असे समजू. त्याची सीव्ही २०.८ आणि सीपी २९.१ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन आहे. बंद, ताठ भांड्यात हे काम २०८ ज्यूलमध्ये होते. सरकत्या दट्ट्याखाली, दाब स्थिर ठेवून करायचे तर २९१ ज्यूल लागतात. ८३ ज्यूलचा हा फरक कोठे गेला? आदर्श वायूच्या समीकरणानुसार स्थिर दाबाला १० केल्विनच्या वाढीत दाब आणि आकारमानातील बदल यांचा गुणाकार वायू स्थिरांकाच्या दहापट, म्हणजे ८.३१४ गुणिले १०, बरोबर ८३ ज्यूल येतो. तेवढे कार्य वायूने दट्टा उचलण्यात केले. म्हणून आदर्श वायूच्या एका मोलसाठी सीपी वजा सीव्ही बरोबर वायू स्थिरांक, हा मायर यांचा संबंध.

या संबंधामागे मोठा इतिहास आहे. युलियस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये हवेच्या दोन उष्माधारकतांतील फरक हेच प्रसरणाचे कार्य आहे असे मानून उष्णता आणि कार्य यांचे परस्पर मूल्य काढले. ३६५ मीटर उंचीवरून पडलेल्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढावे, असे त्यांचे उत्तर होते. आजच्या आकड्यांनी ही उंची सुमारे ४२७ मीटर येते; त्यांच्या हाती असलेली हवेची मोजमापे पुरेशी अचूक नव्हती, पण विचार पूर्णपणे योग्य होता.

येथे नवख्यांचा एक गैरसमज हमखास होतो आणि तो दूर करण्यासाठी थांबणे आवश्यक आहे. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे अंतर्गत ऊर्जेतील बदल हा प्रत्येक प्रक्रियेत सीव्ही गुणिले तापमानातील बदल एवढाच असतो, मग त्या प्रक्रियेत आकारमान बदलत असो वा नसो. वरच्या उदाहरणात दाब स्थिर असतानाही अंतर्गत ऊर्जेची वाढ २०८ ज्यूलच होती. ‘आकारमान स्थिर नाही, म्हणून सीव्ही वापरता येणार नाही’ हा आक्षेप उष्णतेच्या बाबतीत खरा आहे, आदर्श वायूच्या अंतर्गत ऊर्जेच्या बाबतीत नाही.

सीपीला सीव्हीने भागून येणाऱ्या गुणोत्तराला गॅमा म्हणतात. हेलियमसारख्या एकअणू वायूसाठी ते १.६७, नायट्रोजनसाठी आणि हवेसाठी १.४० आहे. ध्वनीचा वेग काढताना न्यूटन यांनी हवेचे आकुंचन-प्रसरण स्थिर तापमानाला होते असे धरले होते. त्या हिशेबाने शून्य अंश सेल्सिअसला वेग सेकंदाला २८० मीटर येतो, प्रत्यक्षात तो ३३१ मीटर असतो. ध्वनीलहरीत दाब इतक्या झपाट्याने बदलतो की उष्णतेला इकडून तिकडे जाण्यास अवधीच मिळत नाही, हे लाप्लास यांनी ओळखले आणि सूत्रात गॅमाचे वर्गमूळ घातल्यावर तफावत नाहीशी झाली. पदार्थ तोच, समीकरणही जवळजवळ तेच. चुकली होती ती अट.

पाचवी पायरी : घन आणि द्रव यांचा फरक तपासणे

घन आणि द्रव पदार्थांसाठी तक्त्यात बहुधा एकच आकडा असतो आणि तो सीपीचा असतो, कारण द्रवाला तापताना फुगू न देणे प्रयोगात फार कठीण आहे. दोन्हींतील फरक मात्र सूत्राने काढता येतो. तापमान, मोलर आकारमान आणि आकारमान-प्रसरण गुणांकाचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला समतापी संपीड्यतेने भागले की सीपी वजा सीव्ही मिळते. प्रसरण गुणांक म्हणजे दाब स्थिर असताना तापमानाच्या एका अंशाच्या वाढीमुळे आकारमानात होणारी सापेक्ष वाढ. संपीड्यता म्हणजे तापमान स्थिर असताना दाबाच्या एका एककाच्या वाढीमुळे आकारमानात होणारी सापेक्ष घट. आदर्श वायूचा प्रसरण गुणांक तापमानाचा व्यस्त आणि संपीड्यता दाबाची व्यस्त असते. या सूत्रात त्या घातल्या की वायू स्थिरांक परत मिळतो. वाचकाने ही पडताळणी स्वतः करून पाहावी.

२५ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी हा फरक ७५.३ मध्ये सुमारे ०.८, म्हणजे एक टक्का येतो. तांब्यासाठी तो सुमारे तीन टक्के आहे. सूत्रात प्रसरण गुणांकाचा वर्ग असल्यामुळे फरक कधीही ऋण होत नाही, आणि सुमारे ४ अंश सेल्सिअसला पाण्याचा प्रसरण गुणांक शून्य असल्यामुळे तेथे सीपी आणि सीव्ही तंतोतंत समान होतात.

सहावी पायरी : मिश्रणाचे गणित आणि भांड्याचा वाटा

१०० अंश सेल्सिअसचा २०० ग्रॅमचा तांब्याचा तुकडा २५ अंशांच्या १५० ग्रॅम पाण्यात सोडला. पाणी ५० ग्रॅम ॲल्युमिनियमच्या कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजण्याच्या भांड्यात, आहे. दाब वातावरणाचा, म्हणून अट स्थिर दाबाची. प्रथम प्रत्येक वस्तूची एकूण उष्माधारकता मांडावी : तांबे ७७, पाणी ६२७, भांडे ४५ ज्यूल प्रति केल्विन. बाहेर उष्णता जात नाही असे धरल्यास तांब्याने गमावलेली उष्णता ही पाणी आणि भांडे यांनी मिळवलेल्या उष्णतेइतकी असते आणि अंतिम तापमान ३२.७ अंश येते.

भांडे विसरले तर उत्तर ३३.२ येते. अर्धा अंश क्षुल्लक वाटेल, पण हेच गणित उलट बाजूने, धातूची उष्माधारकता शोधण्यासाठी केले की चूक उघडी पडते : मोजलेले तापमान ३२.७ असताना भांडे वगळल्यास तांब्याला ०.३८५ ऐवजी ०.३५९ मिळते, म्हणजे जवळपास सात टक्क्यांची घट. उपकरणाच्या उष्माधारकतेने प्रत्यक्ष विज्ञानाच्या वाटचालीतही असाच परिणाम घडवला आहे. १८४५ मध्ये ज्यूल यांनी दाबाखालील हवा निर्वात भांड्यात मोकळी सोडून भोवतालच्या पाण्याचे तापमान पाहिले. ते हलले नाही. हवेचे तापमान किंचित उतरत होते, पण पाण्याची आणि भांड्यांची उष्माधारकता हवेच्या मानाने इतकी प्रचंड होती की तो बदल तापमापीपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे विल्यम टॉमसन यांच्यासह निराळी रचना करून त्यांना खऱ्या वायूंमधील हा परिणाम टिपता आला.

सातवी पायरी : अवस्थांतर आले की गणिताचे तुकडे पाडणे

बर्फ वितळताना किंवा पाणी उकळताना, दाब स्थिर असल्यास, उष्णता दिली तरी तापमान बदलत नाही. छेद शून्य झाल्यामुळे व्याख्येनुसार उष्माधारकता अनंत होते. अशा वेळी तिचा वापर थांबवून अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता केवळ अवस्थांतरासाठी लागणारी उष्णता, घ्यावी. उणे १० अंशांच्या १०० ग्रॅम बर्फाचे २० अंशांचे पाणी करायचे असल्यास तीन हिशेब स्वतंत्र मांडावेत : बर्फ शून्यापर्यंत आणण्यास २१०० ज्यूल, वितळवण्यास ३३,४०० ज्यूल, आणि पाणी २० अंशांपर्यंत नेण्यास ८३६० ज्यूल, एकूण ४३,८६० ज्यूल. यातील तीन चतुर्थांशांहून अधिक उष्णता तापमान तसूभरही न वाढवता खर्ची पडली.

आठवी पायरी : शून्य आणि ऋण मूल्यांना न घाबरणे

ॲडियाबॅटिक प्रक्रियेत, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण पूर्ण बंद असताना, वायू दाबला की तापमान वाढते पण दिलेली उष्णता शून्य असते; तेव्हा त्या वाटेवरची उष्माधारकता शून्य. या शून्याच्या पलीकडचे उदाहरण संपृक्त वाफेचे आहे आणि ते मला या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

१०० अंशांची कोरडी संपृक्त वाफ घेऊन तिचे तापमान १०१ अंश करायचे, पण अट अशी की ती संपृक्तच राहिली पाहिजे. या एका अंशासाठी संपृक्त दाब सुमारे ३.७ किलोपास्कलने वाढतो, म्हणून वाफ बरीच दाबावी लागते. दाबण्याच्या या कार्याने तिला एका अंशासाठी हवी त्याहून जास्त ऊर्जा मिळते आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने काढून घ्यावी लागते. तापमान वाढले, उष्णता मात्र बाहेर गेली. या वाटेवरची विशिष्ट उष्माधारकता उणे ४.५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विनच्या आसपास आहे. क्लॉसियस आणि रँकिन यांनी १८५० मध्ये स्वतंत्रपणे हा निष्कर्ष काढला. त्याची उलट बाजू व्यवहारात महत्त्वाची ठरते : कोरडी संपृक्त वाफ उष्णता न देता प्रसरण पावू दिली, तर तिचा काही भाग पाण्याच्या थेंबांत बदलतो, आणि वाफेच्या इंजिनाचा विचार करणाऱ्यांना हे जाणून घेणे भाग होते.

सीव्ही स्वतः मात्र स्थिर समतोलातील पदार्थासाठी कधीही ऋण होत नाही. ती ऋण आली तर गणितात चूक शोधावी.

नववी पायरी : तापमानानुसार बदलणारी उष्माधारकता आणि एन्ट्रॉपी

आतापर्यंत आकडे स्थिर धरले. पाण्यासाठी शून्य ते शंभर अंशांच्या दरम्यान हे चालते, कारण सीपी ४.२२ पासून ३५ अंशांच्या सुमारास ४.१८ पर्यंत उतरते आणि पुन्हा ४.२२ वर जाते. एक टक्क्याचाच हा खेळ आहे. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता मात्र ३०० केल्विनला ०.३८५ आणि १०० केल्विनला सुमारे ०.२५ असते. अशा मोठ्या पल्ल्यात एकच आकडा वापरू नये. तापमानाच्या अक्षावर सीपीचा वक्र काढून त्याखालचे क्षेत्रफळ घ्यावे, म्हणजे समाकलन करावे.

एन्ट्रॉपी, म्हणजे सावकाश दिलेल्या उष्णतेला त्या वेळच्या तापमानाने भागून जिची वाढ मोजतात ती अवस्थेची राशी, काढताना सीपीला केल्विनमधील तापमानाने भागून मग समाकलन करतात. एक किलोग्रॅम पाणी २० पासून ८० अंशांपर्यंत तापवले, तर एन्ट्रॉपीतील वाढ म्हणजे ४१८० गुणिले ३५३.१५ भागिले २९३.१५ या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे सुमारे ७७८ ज्यूल प्रति केल्विन. येथे चुकून ८० भागिले २० घेतले, तर उत्तर सातपटीहून मोठे येते. दुसऱ्या पायरीत सांगितलेली मोकळीक येथे संपते.

याच समाकलनातून एक खोल गोष्ट निघते. निरपेक्ष शून्याकडे जाताना सीपी शून्य झाली नाही, तर तिला तापमानाने भागून येणारे समाकलन अनंत होईल. उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमानुसार एन्ट्रॉपी तेथे सांत राहते, म्हणून सर्व उष्माधारकतांना निरपेक्ष शून्याजवळ शून्याकडे जावेच लागते. तक्त्यांतील निरपेक्ष एन्ट्रॉपीची मूल्ये याच आधाराने तयार होतात : अतिशीत तापमानापासून मोजलेल्या सीपीचे समाकलन करून, वाटेतल्या प्रत्येक अवस्थांतरासाठी अप्रकट उष्मा भागिले अवस्थांतराचे तापमान मिळवले जाते. यासाठी प्रमाण दाब आज एक बार धरतात, जुन्या तक्त्यांत तो एक ॲटमॉस्फिअर असतो. दोन तक्त्यांतील वायूंचे आकडे एकत्र वापरण्यापूर्वी ही नोंद वाचून घ्यावी.